नॉरफोककर

डॉरीन थर्टल खण ओढून देते.
"सावकाश हं, या तुझ्याहून म्हाताऱ्या आहेत."
नॉरिचमधल्या संग्रहालयाचं तळघर, मंगळवार,
डांबरगोळ्यांचा वास, हीटर बंद.
माझं काम एवढंच:
चिठ्ठीवरचं बारीक अक्षर लावायचं
आणि संगणकात चढवायचं.

खणात अकरा टाचण्या.
म्हणजे बावीस.
आमच्या भाषेत या किड्यालाही टाचणीच म्हणतात,
आणि इथं प्रत्येकीच्या छातीतून एकेक टाचणी गेलेली.
डॉरीनला हे समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली.
ती हसली नाही. म्हणाली,
"मग कुठलीनं कुठलीला धरलंय?"

फॉर्मातले रकाने पत्रिकेसारखे.
गण ओडोनाटा, म्हणजे दातवाले.
देव नव्हे, मनुष्य नव्हे; उरला राक्षस,
डास खाणाऱ्याला शोभतो.
उपगण झायगोप्टेरा, पंखांची जोडी सारखी,
बसताना पाठीवर मिटलेली.
चतुर बसतो पंख पसरून,
फांदी वडिलांनी ठेवल्यासारखा.
टाचणी बसते
तिघांच्या बाकावर चौथी बसावी तशी, अंग चोरून.
कुळ सीनाग्रिओनिडी.
जात आर्माटम. सशस्त्र.
शस्त्र शोधायला भिंग लागलं:
नराच्या शेपटीच्या टोकाला आकडे,
मादीची मान धरण्यापुरते.

पुस्तकात नर काळा आणि शेवटाकडे निळा,
गॅस अगदी बारीक केल्यावर उरतो तेवढा.
खणातले सगळे तपकिरी.
मेल्यावर आधी रंग जातो, म्हणे,
पाय नंतर.

इंग्रजी नाव: नॉरफोकची टाचणी.
चिठ्ठीवर सटन ब्रॉड, जून, आणि एक न लागणारी सही.
विसावं शतक उजाडताना सापडली,
साठ वर्षंही नांदली नाही.
म्हणजे कागदावर. कागदाआधीचं कोण सांगणार?
फार काही घडलं नाही.
बोरू कापणं थांबलं, उथळ पाणी भरून आलं,
वाळुंजाची झुडपं आत उतरली.
फिनलंडात आहे अजून, पोलंडात आहे,
तिकडे सैबेरियात तर खुशाल आहे.
नॉरफोकात तेवढी नाही.

"तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"
आडिवरेकर. आडिवऱ्याचे.
"तू तिथली?"
नाही. वडीलही नाहीत. आजोबा एकदा गेले होते,
कुणी ओळखलं नाही म्हणून
संध्याकाळच्या गाडीनं परत आले.
"मग?"
मग काय. लावतो.

डॉरीन चष्मा पुसत राहिली.
तिचा जन्म स्टॅलमचा. वडील बोरू कापायचे,
ही होडीत बसून भाकरीसारखं काहीतरी चघळायची.
"मी पाहिली असेल गं.
गुडघ्यावर बसलीही असेल.
पण सात वर्षांच्या पोरीला सगळ्याच निळ्या सारख्या."

रविवारी मी सटन ब्रॉडला गेले.
बसनं, मग पायी, चुकीच्या बुटांनी.
बोरूच्या पात्यावर एक निळी बसली होती,
वाऱ्यानं पातं हललं की तीही हलायची.
मी श्वास धरून पुस्तक उघडलं:
दुसऱ्या खंडावर इंग्रजी यू.
नेहमीची. ढिगानं असतात.
तरी बराच वेळ बघत बसले,
डावा बूट हळूहळू भरत होता.

मंगळवारी परत तोच खण.
शेवटचा रकाना: मूळ प्रदेश.
संगणक एकच ठिकाण घेतो, स्वल्पविराम चालत नाही.
मी नॉरफोक लिहिलं.
पुसलं.
सैबेरिया लिहून बघितलं, डॉरीननं मागून वाचलं.
"राहू दे आता," ती म्हणाली,
"डबा काय आणलायस?"